टॉम रॉबिन्सनला तिचं वाईट वाटलं

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० ला आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि तेव्हापासून जिथे कुठे सहानुभूतीवर बोलायचं असतं तिथे हे पुस्तक निघतं आणि पुस्तकातलं तेच एक वाक्य निघतं. तिसऱ्या प्रकरणातलं. वकील बाप ॲटिकस फिंच आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, स्काउटला सांगतो की समोरच्याच्या कातडीत शिरून थोडं फिरून आल्याशिवाय माणूस समजत नाही. आपल्याकडे याला सरळ म्हणच आहे, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. वाक्य चांगलंच आहे, माझा त्यावर काही आक्षेप नाही, पण मला ज्या प्रसंगाबद्दल लिहायचंय तो पुढे एकोणिसाव्या प्रकरणात येतो. तिथे टॉम रॉबिन्सन नावाचा एक माणूस नेमकं हेच करतो, दुसऱ्याचं दुःख ओळखतो आणि कोर्टात विचारल्यावर तसं खरं खरं सांगतो, आणि तेच त्याच्या अंगाशी येतं.

आमच्या वाचनगटात हे पुस्तक घेतलं होतं. आम्ही आठ-नऊ जण आहोत, पुस्तक इंग्रजीतून वाचतो आणि बोलतो मराठीतून, त्यामुळे बोलताना प्रत्येक वाक्य आपोआप मराठी करावं लागतं आणि तिथेच बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं की टॉम असं काय बोलला की सगळं कोर्ट बिथरलं, तिचं वाईट वाटलं एवढंच तर म्हणाला तो. तिने ते पान नीट वाचलं होतं तरी तिला कळलं नव्हतं, आणि मग लक्षात आलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांखालून ते वाक्य नुसतं निघून गेलंय. घरी येऊन मी ती साक्ष परत काढली, तीन वेळा वाचली, आणि दरवेळी आधीपेक्षा जास्त त्रास झाला.

कोण, कुठे, कधी

गाव मेकॉम्ब, राज्य अलाबामा, अमेरिकेच्या दक्षिणेत. गाव काल्पनिक आहे पण लेखिका त्याच राज्यातल्या मन्रोव्हिलची, वडील वकील, त्यामुळे गावातली धूळ आणि माणसं खरी वाटतात. साल १९३५, उन्हाळा, मंदीचे दिवस.

टॉम रॉबिन्सन पंचवीस वर्षांचा, काळा, लग्न झालेलं, तीन मुलं, लिंक डीज नावाच्या गोऱ्या माणसाच्या शेतावर आठ वर्षं कामाला. डावा हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड, लहानपणी जिनिंगच्या मशीनमध्ये सापडून निकामी झालेला. शपथ घेतानाचं वर्णन बघा, तो उजव्या हाताने डावा हात उचलून बायबलवर ठेवतो, मग उजवा वर करतो, तेवढ्यात तो निर्जीव हात बायबलवरून घसरून टेबलावर आपटतो, तो पुन्हा ठेवायला जातो आणि जज टेलर म्हणतात, राहू दे टॉम. कोर्टातल्या प्रत्येकाने हे बघितलेलं आहे.

त्याच्यावर आरोप मेयेला युवेलवर बलात्कार केल्याचा, आणि त्याचा वकील ॲटिकस. मेयेला साडेएकोणीस वर्षांची, गोरी, पाठच्या सात भावंडांची मोठी बहीण, आई मेलेली, बाप बॉब युवेल सरकारी मदतीचे पैसे दारूत घालणारा. घर गावाच्या उकिरड्यामागे. लेखिका स्पष्ट लिहिते की बॉब युवेल शेजारच्या काळ्या वस्तीपेक्षा वरचढ होता तो एकाच बाबतीत, गरम पाण्याने आणि साबणाने खसाखसा घासला तर त्याची कातडी गोरी निघायची. त्या सगळ्या घाणीत अंगणाच्या एका कोपऱ्यात टवके उडालेली एनॅमलची सहा भांडी आणि त्यात लाल जिरेनियमची फुलं, निगुतीने वाढवलेली. लोक म्हणायचे ती मेयेलाची. मला पूर्ण पुस्तकात मेयेलाबद्दल जे काही वाटतं ते सगळं त्या सहा भांड्यांमुळे वाटतं.

टॉमचा शेतावर जायचा रस्ता युवेलांच्या घरावरून, दुसरा सरळ रस्ता नाही. मेयेला त्याला हाक मारायची, हे जरा फोडून दे, ते उचलून दे, आणि तो जाता येता करून द्यायचा. पहिल्यांदा तिने पाच सेंटचं नाणं पुढे केलं होतं, त्याने घेतलं नाही. त्या दिवशी, म्हणजे आधीच्या २१ नोव्हेंबरला, तिने आत बोलावलं, दार दुरुस्त करायचंय म्हणून. दाराला काही झालेलं नव्हतं. घरात पोरं दिसेनात म्हणून टॉमने विचारलं तर ती म्हणाली की सगळी आइस्क्रीम खायला गावात गेलीत, सात नाणी जमवायला वर्ष गेलं पण जमवली. यावर टॉम काय म्हणाला? म्हणाला की पोरांना असं खाऊ घालताय हे फार छान केलंत तुम्ही. एवढं त्याला सुचलं, तिने वर्षभर पैसे साठवले याचं कौतुक. मग तिने त्याला मिठी मारली, गालाचं चुंबन घेतलं, बाप खिडकीतून बघत होता, टॉम पळाला आणि बापाने मुलीला मारलं. तोंडाची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा बहुतेक डावखुरा, आणि बॉब युवेल डावखुरा आहे हे ॲटिकस त्याला सही करायला लावून कोर्टात दाखवून देतो. पुरावा म्हणून बघितलं तर केस इथेच संपायला हवी होती.

टॉमने तिला ढकललं का नाही? तो साक्षीत सांगतो की मला तिच्याशी वाईट वागायचं नव्हतं, धक्काबुक्की करायची नव्हती. आणि वागणूक बाजूला ठेवली तरी गोऱ्या बाईला हात लावून काळा माणूस त्या गावात जिवंत राहिला नसता. पळालं तर गुन्हेगार म्हणून पळाला, थांबलं तर बाप दारात. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही. स्काउट सांगते की तिला स्वतःला हा पेच तेव्हा कळलाच नव्हता, वडिलांनी नंतर समजावला तेव्हा कळला.

ते वाक्य

उलटतपासणी सरकारी वकील गिल्मर घेतोय. तो प्रत्येक प्रश्नात टॉमला 'पोरा' म्हणतो, तीन मुलांच्या बापाला. त्याचा मुद्दा साधा आहे, तू फुकट कामं का करत होतास? स्वतःच्या घरची कामं, डीजकडची कामं, वर हिची, आणि पैसा नाही घेतलास, मग काय हवं होतं तुला? टॉम आधी म्हणतो की तिला मदत करायला कोणी दिसायचं नाही म्हणून केली. गिल्मर हसऱ्या तोंडाने म्हणतो, भलताच चांगला माणूस दिसतोस तू, एक पैसा न घेता? आणि टॉम म्हणतो, हो साहेब, मला तिचं फार वाईट वाटायचं, बाकीच्यांपेक्षा तीच जास्त धडपडायची...

वाक्य पूर्ण होत नाही. गिल्मर तेच शब्द दोनदा उच्चारतो, तुला, तिचं, वाईट वाटायचं? लेखिका लिहिते की टॉमला आपली चूक कळली, तो खुर्चीत अवघडून हलला, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं, खाली बसलेल्यांपैकी कोणालाच ते उत्तर आवडलं नाही, आणि गिल्मर बराच वेळ गप्प राहिला, म्हणजे ते सगळ्यांच्या आत नीट उतरावं.

खाली बसलेले म्हणजे गोरे. काळे लोक वरच्या गॅलरीत, आणि स्काउट, तिचा भाऊ जेम आणि मित्र डिल हेही तिथेच, काळ्यांच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स यांच्या शेजारी.

आता आमच्या गटात जे झालं ते सांगते. हे वाक्य मराठीत कसं म्हणायचं यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. एक जण म्हणाले 'कीव आली'. दुसऱ्या म्हणाल्या छे, कीव कशी, 'वाईट वाटलं'. कोणी 'दया' म्हटलं, एका काकूंनी 'कणव' म्हटलं. आणि मला वाटतं त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या चार शब्दांतच होतं. कीव वरून खाली बघून करतात, भांडणात आपण 'कीव येते तुझी' म्हणतो ते समोरच्याला झोंबावं म्हणूनच. दया पण देणाऱ्याच्या मर्जीची असते. वाईट कोणाचंही कोणालाही वाटू शकतं, शेजारीण आजारी पडली तरी वाटतं. आणि कणव पोटातून येते, तिला वर-खाली काही कळत नाही. टॉमच्या मनात कणव होती, त्याने सांगितलं की वाईट वाटायचं, आणि खालच्या बाकांवर ऐकू गेली ती कीव. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव येते म्हणजे तो तिला आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत बघतो, म्हणजे त्या क्षणापुरता तो वर आणि ती खाली. आपल्याकडे 'पायरी ओळखून रहा' म्हणतात ना, तीच पायरी. हे शब्द समजून घ्यायला आम्हाला कोणाला अलाबामाला जायला लागलं नाही, हेही खरं.

आणि गोष्ट अशी आहे की तो खरंच बरोबर बघत होता. मेयेलाची अवस्था त्याच्यापेक्षा वाईट होतीच. त्याला घर होतं, हेलनसारखी बायको होती, चर्च होतं, वस्ती होती. ॲटिकसने मेयेलाला साक्षीत विचारलं की तुला मैत्रिणी आहेत का, तर तिला आधी प्रश्नच कळला नाही आणि मग वाटलं की हा आपली थट्टा करतोय. त्याने 'मिस मेयेला' म्हटलं त्याचाही तिला राग आला, इतकी तिला आदराने हाक मारून घ्यायची सवय नव्हती. स्काउट गॅलरीत बसून विचार करते की ही जगातली सगळ्यात एकटी मुलगी असणार, आणि तिच्याशी माणसासारखं वागणारा टॉम हा बहुधा एकटाच.

तोच शब्द, दुसरं तोंड

पुढच्याच प्रकरणात ॲटिकस ज्युरीसमोर शेवटचं भाषण करतो आणि त्यात म्हणतो की फिर्यादीच्या मुख्य साक्षीदाराबद्दल माझ्या मनात निव्वळ दया आहे, फक्त ती दया एका माणसाचा जीव पणाला लावण्यापर्यंत पोचत नाही. टॉम वाईट वाटलं म्हणाला होता, ॲटिकस उघड दया म्हणतो, म्हणजे टॉमपेक्षा वरचढच शब्द वापरतो, तीच मुलगी, तेच कोर्ट, तीच ज्युरी, त्याच दिवशी. कोणी हूं का चूं करत नाही. कारण ॲटिकस त्या पायरीवरच उभा आहे जिथून दया करायची परवानगी असते.

तो स्वतः हे ओळखून आहे. त्याच भाषणात तो म्हणतो की एका शांत, सभ्य, नम्र निग्रो माणसाने गोऱ्या बाईबद्दल वाईट वाटून घेण्याचं धाडस केलं आणि म्हणून आता त्याला दोन गोऱ्यांच्या शब्दापुढे आपला शब्द ठेवावा लागतोय. एवढ्या लांब भाषणात हे वाक्य पटकन निघून जातं पण माझ्या मते अख्ख्या खटल्याचं कारण तिथे आहे.

आम्ही एक प्रयोग केला, टॉमने दुसरं काय उत्तर द्यायला हवं होतं? पैशासाठी केलं म्हणावं तर खोटं, पैसे घेतलेच नव्हते. ती आवडायची म्हणावं तर फाशी नक्की. भीतीपोटी केलं म्हणावं तर गिल्मर म्हणणार की भीती होती तर रोज तिथे थांबायचास कशाला. काहीच कारण नव्हतं म्हणावं तर संशय आणखी वाढतो. एक जण म्हणाले गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं म्हणजे कबूल करणंच. खरं उत्तर एकच होतं आणि तेच त्याला बोलायची मुभा नव्हती. म्हणून 'टॉम चुकला' असं जे आपण सहज म्हणतो ते मला पटत नाही, पुस्तकात चूक हा शब्द आलाय तरीसुद्धा. त्याची चूक एवढीच की त्याला कोर्टात क्षणभर विसर पडला की आपण कोण आहोत.

आणि विसर पडला तरी तो मागे हटला नाही हेही बघायला हवं. नंतर गिल्मर मेयेलाच्या साक्षीतली एकेक गोष्ट काढून विचारतो, म्हणजे ती खोटं बोलते का? टॉम म्हणतो, ती खोटं बोलते असं मी म्हणत नाही साहेब, तिची समजण्यात चूक झालीय. हेच उत्तर पुन्हा पुन्हा. ती त्याला फासावर चढवायला निघालीय आणि हा तिला खोटारडी म्हणत नाहीये. यात भीती किती आणि माया किती ते मी सांगू शकत नाही, दोन्ही असणार, पण मला ते वाचताना घशात आवंढा येतो.

गॅलरीतली मुलं

याच वेळी डिल रडायला लागतो आणि स्काउट त्याला बाहेर नेते. गिल्मर ज्या आवाजात टॉमशी बोलतोय ते त्याला सहन होत नाही. स्काउट समजावते की अरे ते त्यांचं कामच आहे, सरकारी वकील असेच बोलतात. आणि मग म्हणते, आणि शेवटी तो निग्रोच आहे ना. डिल म्हणतो की ते मला काही माहीत नाही, असं वागवणं बरोबर नाही.

बापाकडून कातडीत शिरायचा धडा घेतलेली मुलगी हे बोलते. त्याच मुलीला मेयेलाचं एकटेपण नुकतंच कळलंय, पण टॉमपर्यंत ती पोचत नाही. वाईट मुलगी आहे म्हणून नव्हे, तिला लहानपणापासून ज्या हवेत वाढवलंय ती हवाच तशी. मला हा भाग पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आणि खरं सांगायचं तर पुस्तकही टॉमपर्यंत पूर्ण पोचत नाही. आपल्याला त्याचं घर आतून दिसत नाही, त्याची मुलं त्याच्याशी बोलताना दिसत नाहीत. कोर्टाआधी त्याचा आवाज येतो तो तुरुंगाच्या खिडकीतून, अंधारातून, मारायला आलेले ते लोक गेले का साहेब म्हणून विचारणारा. सगळी गोष्ट एक गोरी मुलगी सांगतेय आणि ती वरून, गॅलरीतून बघतेय. ज्या पुस्तकाला आपण सहानुभूतीचं पुस्तक म्हणतो त्यात ज्याच्यावर सगळं बेतलं त्याच्या मनात आपण एक तासाच्या साक्षीपुरते जातो, जास्त नाही. आमच्या गटात काही जणांना हे बोललेलं आवडलं नाही, पण मला पुस्तक आवडतं म्हणूनच हे खटकतं.

हे कुठून आलं

कोणाला वाटेल कादंबरी आहे, वाढवून सांगितलं असेल. त्याच अलाबामात मार्च १९३१ मध्ये मालगाडीतून नऊ काळ्या पोरांना उतरवलं गेलं, दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला होता, आणि पंधरा दिवसांत आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो ओळखला जातो. १९३३ मध्ये त्यातल्या एका मुलीने, रूबी बेट्सने कोर्टात येऊन सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं, तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. जज जेम्स हॉर्टन यांनी पुरावा बघून तो निकाल रद्द केला आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. १९३५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने याच खटल्यात सांगितलं की ज्युरीतून काळ्यांना पद्धतशीर वगळता येणार नाही. टॉमचा काल्पनिक खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला, आणि त्याच्या ज्युरीत बारा गोरे पुरुष. अलाबामात तेव्हा बायकांनाही ज्युरीत बसता येत नव्हतं.

ज्युरी काही तास आत होती, हेच गावाच्या मानाने खूप, कारण अशा केसचा निकाल मिनिटांत लागायचा. आत कनिंगहॅम नावाच्या गरीब शेतकरी घराण्यातला एक जण होता जो सुरुवातीला टॉमला सोडा म्हणत होता, हे ॲटिकस नंतर मुलांना सांगतो. पण निकाल दोषी. ॲटिकसला अपिलाची आशा होती, टॉमला उरली नव्हती, तो तुरुंगाच्या कुंपणावर चढताना मारला गेला, सतरा गोळ्या. पहारेकरी म्हणाले की दोन्ही हात धड असते तर निसटला असता.

बातमी सांगायला ॲटिकस आणि त्यांच्या घरी काम करणारी कॅल्पर्निया गेले. डिल सोबत होता, तो सांगतो की हेलन काही न ऐकताच जमिनीवर कोसळली, जणू एखाद्या मोठ्या पायाने येऊन तुडवली.

पुढे लिंक डीजने हेलनला कामावर घेतलं. खरं तर तिची गरज नव्हती, टॉमचं जे झालं त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं म्हणून घेतलं. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की ही रोज सकाळी भलत्याच दिशेने येते. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की सरळ रस्त्याने पहिल्यांदा आली तेव्हा युवेलांकडून तिच्यावर दगडं आली, म्हणून ती रोज जवळजवळ एक मैल वळसा घालून चालत यायची, त्या घरावरून जायला नको म्हणून. त्या दिवशी डीजने आपलं दुकान बंद केलं, डोक्यावर टोपी घातली आणि तिच्यासोबत त्याच रस्त्याने तिला घरी सोडायला निघाला.